हिमरूची शाल आणि एका ऑर्डरचा हिशेब

मराठवाड्यात माल तयार होतो आणि त्याचा भाव दुसऱ्याच्या बंदरात ठरतो, हे फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी मार्गदर्शिकेत पैठणचं नाव येतं. भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तेर. पैठणहून अकीकाच्या जातीचे दगड, तेरहून साधं कापड आणि मलमल असा माल गाड्यांवर लादून, रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा आणि पुढे जहाजात चढायचा. पैठणच्या व्यापाऱ्याने समुद्रापारचं आपलं गिऱ्हाईक कधी पाहिलं नसणार. जकात, अडत, साठवण आणि वाटेतली मोडतोड वजा जाता हातात काय उरतं, यावरच त्याचं घर चालत असणार.

आज छत्रपती संभाजीनगरात गारखेड्याच्या एखाद्या घरातून किंवा वाळूजच्या एखाद्या शेडमधून ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशोवर माल विकायला बसणाऱ्याचीही स्थिती हीच आहे. खातं उघडणं, फोटो टाकणं, पार्सल बांधणं हे कोणीही शिकतं. धंदा टिकतो की बुडतो, हे मात्र एका ऑर्डरचा हिशेब शेवटच्या रुपयापर्यंत मांडला आहे की नाही यावर ठरतं. या प्रकरणात तो हिशेब नीट मांडायचा आहे. मात्र त्याआधी ज्या बाजारात आपण उतरतो आहोत तो कोणाचा आणि कसा चालतो, हे पाहायला हवं.

फ्लिपकार्ट २००७ साली बंगळुरूत पुस्तकं विकण्यासाठी सुरू झालं. ॲमेझॉनचं भारतातलं संकेतस्थळ ५ जून २०१३ रोजी उघडलं, तेही पुस्तकं आणि चित्रपट घेऊन. मीशो २०१५ मधलं. लाखो छोटे विक्रेते या कंपन्यांनी आपल्याकडे ओढले, यामागे एक कायदेशीर कारणही आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या ऑनलाइन कंपनीला भारतात स्वतःचा साठा थेट ग्राहकाला विकायला परवानगी नाही. तिने बाजार मांडायचा आणि माल इतरांनी विकायचा. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने हे स्पष्ट केलं. १ फेब्रुवारी २०१९ पासून नियम आणखी कडक झाले आणि ज्या कंपनीत बाजारमालकाची भागीदारी आहे तिचा माल त्याच बाजारात विकायला बंदी आली. ॲमेझॉनवरचा एकेकाळचा सगळ्यात मोठा विक्रेता 'क्लाउडटेल' मे २०२२ मध्ये याच नियमांच्या कचाट्यात बंद झाला.

तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की करा. या बाजाराला तुमची गरज आहे, तुम्ही तिथे उपकार म्हणून उभे नाही. ॲमेझॉनवर विक्रेता म्हणून नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. पॅन, जीएसटी क्रमांक, बँक खातं, मोबाइल नंबर आणि पार्सल उचलण्याचा पत्ता एवढ्यावर खातं उघडतं. नोंदणी मराठीतूनही करता येते. खरेदीसाठी ॲमेझॉनवर मराठी आली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. त्याआधी, २०२० च्या अखेरीस महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने त्यासाठी आंदोलन केलं होतं. खातं उघडून देतो, महिन्याला अमुक ऑर्डरची हमी देतो असं सांगून हजारो रुपये मागणारे लोक आपल्या शहरातही भेटतात. ऑर्डरची हमी कोणालाच देता येत नाही. तो पैसा मालात घाला.

जीएसटीबद्दल शहरात बराच गोंधळ आहे. माल परराज्यात विकायचा असेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. दुकानदाराला मिळणारी वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीची सवलत इथे चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यात एक फट उघडली आहे. विक्री फक्त महाराष्ट्रात होणार असेल आणि उलाढाल मर्यादेच्या आत असेल, तर नोंदणीऐवजी जीएसटी पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन विकता येतं. मीशोने अशा विक्रेत्यांना दार उघडलं आहे. लोणची, मसाले, शिवणकाम करणाऱ्या बाईंनी नागपूर-कोल्हापूरच्या गिऱ्हाइकावर वर्षभर हात बसवून घ्यावा आणि मग पूर्ण नोंदणी करावी, असं मी सुचवीन. पूर्ण नोंदणी झाली की महिन्या-तिमाहीची विवरणपत्रं, सीएची फी आणि उशीर झाला तर दंड असा खर्च लागतो. मात्र खरेदीवर आणि बाजाराच्या शुल्कावर भरलेला कर वजा मिळतो तो याच नोंदणीमुळे.

आता हिशेब. उदाहरण हिमरूच्या शालीचं घेऊ, कारण हिमरू हे कापड या शहराची ओळख आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा विणकर त्याच्याबरोबर आले, असं परंपरेने सांगितलं जातं. मूळ हिमरूत ताणा सुती आणि बाणा रेशमी. डाळिंब, बदाम, अननस, वेलबुट्टी अशी नक्षी जादा बाण्याने भरलेली असते. आज बाजारात कृत्रिम रेशमाच्या शाली आहेत आणि यंत्रमागावर काढलेल्या शालीही हिमरू म्हणूनच विकल्या जातात. आपली शाल हातमागावरची आहे असं समजू. खालचे आकडे हिशेबाची रीत दाखवण्यापुरते धरले आहेत. शुल्काचे दर मालाच्या प्रकाराप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतात, म्हणून स्वतःच्या मालाचे दर बाजाराच्या दरपत्रकातून उतरवून घ्या.

शालीची किंमत १,५०० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटीचे ७५. गिऱ्हाइकाला ती १,५७५ ला पडते. शाल तुम्हाला ८०० ला पडली. नवखा विक्रेता इथेच थांबतो आणि ७०० रुपये सुटले म्हणून खूश होतो.

पुढे चला. बाजाराचं कमिशन १२ टक्के धरू. ते जीएसटीसह किमतीवर लागतं, म्हणजे १८९. प्रत्येक ऑर्डरमागचं ठरावीक शुल्क ४०. माल पोचवण्याचे ७५. हे झाले ३०४. या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी लागतो. तो साधारण ५५ रुपये होतो आणि नोंदणी असेल तर तुमच्या करातून वजा होतो. नोंदणी नसेल तर ते ५५ रुपये गेले. हातात राहिले १,१९६. त्यातून शालीचे ८००, खोका-पिशवी-चिठ्ठीचे ३०, आणि शोधात आपली शाल वर दिसावी म्हणून बाजाराला दिलेल्या जाहिरातीचे प्रत्येक विक्रीमागे ९०. उरले २७६.

पैसे जमा होताना आणखी दोन कपाती दिसतील आणि नवखा माणूस त्या पाहून घाबरतो. पहिली जीएसटीखाली बाजाराने कापून ठेवायची ०.५ टक्के रक्कम. १० जुलै २०२४ पूर्वी ती १ टक्का होती. दुसरी प्राप्तिकराची ०.१ टक्का. १ ऑक्टोबर २०२४ पूर्वी तीही १ टक्का होती. वर्षाची विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल, तर व्यक्तीला ही दुसरी कपात लागत नाही. या दोन्ही रकमा तुमच्याच आहेत. पहिली जीएसटीच्या खात्यात आणि दुसरी प्राप्तिकर विवरणपत्रात परत मिळते. मागायला मात्र हवी. पोर्टलवर तशाच पडून राहिलेल्या अशा रकमा अनेक छोटे विक्रेते विसरून जातात.

आता या २७६ वर परतावे घाला. दहा शाली रवाना केल्या आणि दोन परत आल्या. आठ विकल्या त्यांचे २,२०८. परत आलेल्या प्रत्येकीवर जाण्या-येण्याचा खर्च १५०, जाहिरात ९०, बांधणी ३० असे २७० गेले, म्हणजे दोन्हींचे ५४०. उरले १,६६८. दर पार्सलमागे १६७ रुपये. त्या दोनपैकी एका शालीवर अत्तराचा डाग पडून आला आणि ती पुन्हा विकण्याजोगी राहिली नाही, तर तिचे ८०० गेले. उरले ८६८. आणि दहापैकी चार परत आल्या तर? सहा शालींचे १,६५६, त्यातून परत आलेल्या चारींचे १,०८० वजा. उरले ५७६. एक जरी शाल खराब निघाली तर २२४ रुपये तोटा. दहा पार्सलं बांधली, रात्री जागलात, ॲपवर विक्रीचा आलेख वर चढला आणि गल्ल्यातून २२४ रुपये गेले.

सणाच्या सेलमध्ये १० टक्के सूट द्या म्हणून बाजाराकडून सूचना येईल. आपली शाल १,३५० झाली की कमिशन थोडं कमी होतं, बाकी खर्च तेवढेच राहतात. २७६ चे १४५ होतात. सूट दिली दहा टक्के आणि नफा गेला जवळजवळ निम्मा. परतावे त्यात अजून धरलेलेच नाहीत.

हा हिशेब कागदावर मांडल्यावर पुष्कळ वस्तू आपोआप यादीतून निघून जातात. १५०-२०० रुपयांची वस्तू पोचवण्याच्या खर्चातच संपते. बाजारांनाही हे कळतं, म्हणून दरांची चढाओढ चालू आहे. मीशोने २०२१ पासून विक्रेत्याकडून कमिशन घेणं सोडलं. ॲमेझॉनने एप्रिल २०२५ पासून ३०० रुपयांच्या आतल्या अनेक प्रकारच्या वस्तूंवरचं कमिशन शून्यावर आणलं. पण शून्य कमिशन म्हणजे फुकट विक्री असं समजू नका. माल पोचवण्याचं आणि जाहिरातीचं बिल येतंच आणि या कंपन्यांची कमाई तिकडे सरकली आहे.

पोचवण्याच्या खर्चात एक छुपा खड्डा आहे, तो खोक्याचा. कुरिअरवाला वजन दोन प्रकारे पाहतो. एक काट्यावरचं आणि दुसरं आकारमानाचं. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. दोन्हींपैकी जास्त असेल त्यावर पैसे. आपली शाल समजा ३५० ग्रॅमची. घरात पडलेल्या ३५ × २५ × ८ च्या खोक्यात घातली तर आकारमानाचं वजन भरतं १.४ किलो. तीच शाल नीट घडी घालून ३० × २२ × ३ च्या चपट्या पाकिटात बसवली तर ते ०.४ किलोच्या आत येतं, म्हणजे अर्ध्या किलोच्या सर्वांत स्वस्त दरात. वर्षाला हजार पार्सलं जाणाऱ्या घरात एवढ्या एका गोष्टीने चांगली रक्कम वाचते. म्हणून माल ठरवताना आधी पाकीट ठरवा. बांधलेल्या पाकिटाचा पट्टी लावून फोटो काढून ठेवा. कुरिअरने वजन जास्त लावलं तर दाद मागायला तोच फोटो कामी येतो.

परतावा कमी करण्याची खरी जागा मालाच्या पानावर आहे. पहिला फोटो पांढऱ्या शुभ्र पार्श्वभूमीवर असावा आणि वस्तूने चौकटीचा किमान ८५ टक्के भाग व्यापावा, असा ॲमेझॉनचा नियम आहे. तो पाळायचाच. शाल मात्र परत येते ती पुढच्या फोटोंत जे दाखवलं नाही त्यासाठी. हिमरूची शाल उलटी करून पाहा. जादा बाण्याचे धागे मागच्या बाजूला सुटे तरंगत असतात आणि त्यांचा जणू दुसरा थर होतो. शालीला मऊपणा आणि ऊब त्यानेच येते. औरंगपुऱ्यातल्या गिऱ्हाइकाला दुकानदार ती बाजू बोटाने उलगडून दाखवतो. गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाला पार्सल फोडल्यावर ते सुटे धागे दिसतात, त्याला वाटतं माल सदोष आला आणि तो परत पाठवायचं बटण दाबतो. मागच्या बाजूचा एक मोठा फोटो आणि खाली एक साधं वाक्य टाका: 'मागचे सुटे धागे ही हिमरूच्या विणीची पद्धत आहे.' त्या एका फोटोने जेवढे परतावे थांबतील, तेवढे कुठल्याही जाहिरातीने थांबणार नाहीत. रंगासाठी फोटो सकाळच्या उजेडात घ्या. ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी दिसतो. लांबी-रुंदी लिहाच, पण शाल खांद्यावर घेतलेल्या माणसाचा फोटोही द्या. सूत किती, रेशीम किती आणि कृत्रिम रेशीम असेल तर तेही खरं लिहा. खोटं लिहून विकलेली शाल परत येते आणि येताना एक तारा घेऊन येते. तो खराब शेरा पुढची पन्नास गिऱ्हाइकं वाचतात.

पैठणीबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. हातमागाची अस्सल पैठणी मोठ्या ऑनलाइन बाजारात टाकू नये. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, तरी शोधपट्टीत 'पैठणी' लिहिलं की हजार-पंधराशेच्या यंत्रमागाच्या साड्यांची रांग लागते. त्या रांगेत तीस हजारांची पैठणी उभी करून उपयोग नाही. शिवाय एवढी किमती साडी एकदा नेसून परत आली तर विणकराचा महिना गेला. पैठणीचं गिऱ्हाईक पदर आणि काठ पाहतं, दोन्ही बाजूंनी सारखी वीण आहे का हे उलटून पाहतं. त्याच्यासाठी व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ कॉल, रेशमाच्या शुद्धतेचं सिल्क मार्कचं लेबल आणि मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी या तीन गोष्टी जास्त कामाच्या आहेत. मोठ्या बाजारात पैठणी काठाची पाकिटं, बटवे, दुपट्टे ठेवा. तिथून आलेलं गिऱ्हाईक कधी ना कधी साडीची चौकशी करतं.

या शहराचं खरं बळ मला दिसतं ते औद्योगिक वसाहतींत. रेल्वे स्टेशन, चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आधाराने पत्रा वाकवणारे, प्लास्टिक ओतणारे, रबर कापणारे, पावडर कोटिंग करणारे शेकडो छोटे कारखानदार तयार झाले. या लोकांना साचा बनवता येतो, मिलिमीटरची भाषा येते आणि पाचशे नग वेळेत देण्याची सवय आहे. यांतले बहुतेक एकाच मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून आहेत. दुचाकीचा मोबाइल धारक, बाल्कनीच्या कुंड्यांचा स्टँड, भिंतीचा ब्रॅकेट, शिलाई मशीनची पाटी अशा गोष्टी ते घरच्या घरी काढू शकतात आणि त्यांची किंमत त्यांच्या हातात असते. दिल्लीच्या घाऊक बाजारातून माल आणून विकणाऱ्याला शंभर जणांशी भावात लढावं लागतं, कारण तोच माल शंभर जणांकडे आहे. स्वतः बनवणाऱ्याला निदान पहिले काही महिने एकट्याला मैदान मिळतं. मसिआ ही मराठवाड्यातल्या लघुउद्योजकांची संघटना आहे आणि सीएमआयए हे मराठवाड्याचं उद्योग-कृषी चेंबर. नवउद्योजकांसाठी 'मॅजिक' हे केंद्रही शहरात आहे. यांच्या बैठकांत ऑनलाइन विक्रीवर बोलणं वाढायला हवं.

इथे एक इशारा. काही वस्तूंना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हेल्मेट, प्रेशर कुकर आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळणीही. बाजाराने माल चढवू दिला म्हणजे तो विकायला हरकत नाही, असं नसतं. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मानक न पाळणारे कुकर आपल्या बाजारात विकू दिल्याबद्दल ॲमेझॉनला १ लाख रुपये दंड केला, विकले गेलेले २,२६५ कुकर परत घेऊन ग्राहकांना पैसे द्यायला सांगितले. फ्लिपकार्टलाही तसाच दंड झाला. ज्या कंपनीच्या मागे वकिलांची फौज आहे तिला हे टळलं नाही, तर लहान विक्रेत्याचा सगळा साठाच अडकू शकतो. पाकीटबंद मालावर एमआरपी, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा, आणि २०१८ पासून यातली बहुतेक माहिती ऑनलाइन पानावरही दाखवावी लागते. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक लागतो. माल गिऱ्हाइकाच्या हातात पडताना त्याच्या टिकण्याच्या मुदतीतला किमान ३० टक्के काळ किंवा ४५ दिवस शिल्लक असावेत, असंही एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं सांगणं आहे. सिल्लोडच्या मिरचीचं तिखट, उन्हाळ्यातल्या कुरडया-पापड यांना हे सहज जमतं. दोन महिने टिकणाऱ्या चिवड्याला अवघड जातं.

मालाच्या वाटेत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. ऑनलाइन बाजारांची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गोदामं भिवंडीच्या परिसरात आहेत. तिथे माल आधीच नेऊन ठेवला, तर ऑर्डर आल्यावर बांधणी आणि पाठवणी बाजारच करतो. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल दुसऱ्या दिवशी मिळतो आणि शोधात तुमची वस्तू वर येते. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. आमणे भिवंडी तालुक्यात आहे. माळीवाडा किंवा सावंगीजवळ महामार्गावर चढलेली गाडी आज गोदामांच्या दारात उतरते. कागदोपत्रीही हे सोपं आहे. भिवंडी महाराष्ट्रातच असल्याने वेगळी जीएसटी नोंदणी लागत नाही, आहे त्याच नोंदणीत ते गोदाम 'व्यवसायाचं अतिरिक्त ठिकाण' म्हणून जोडायचं. बंगळुरूच्या गोदामात माल ठेवायचा तर कर्नाटकात नवी नोंदणी लागते. तरी पहिल्याच महिन्यात दोनशे नग भिवंडीला पाठवू नका. न खपलेल्या मालावर साठवणुकीचं भाडं चढतं आणि माल परत मागवायलाही पैसे पडतात. आधी घरून विकून कोणता रंग, कोणता आकार खपतो ते पाहा. तेवढाच माल तिकडे न्या.

पैशाचं चक्रही आधीच समजून घ्या. विणकराला किंवा पत्रेवाल्याला रोख द्यावे लागतात. बाजाराकडून पैसे माल पोचल्यानंतर साधारण आठवडाभराने येतात, परताव्याच्या मुदतीपायी काही रक्कम आणखी थांबते. दिवाळीच्या सेलसाठी श्रावणातच माल भरायचा तर दोन-अडीच महिन्यांचं भांडवल हाताशी लागतं. अनेक चांगले विक्रेते नफ्यात असूनही इथेच अडकतात आणि खासगी सावकाराकडे जातात. कारखाना किंवा युनिट उभं करायचं असेल, तर जिल्हा उद्योग केंद्रातून पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात बँकेचं कर्ज मिळतं आणि त्यावर १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. उद्यम नोंदणी तर मोफत आहे. ती नसेल तर आजच करून टाका.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या बाजारात गिऱ्हाईक तुमचं होत नाही. त्याचा फोन नंबर तुम्हाला मिळत नाही. तुमचं खातं एखाद्या तक्रारीवरून एका सकाळी बंद होऊ शकतं, आणि ते पुन्हा चालू व्हायला पंधरा दिवस लागले तर कारागिरांचा पगार तोपर्यंत तुमच्या खिशातून जातो. तुमची वस्तू चालायला लागली की तुमच्याच पानावर दुसरा कोणी तीच वस्तू दोन रुपये कमी भावाने विकायला बसतो, कारण ॲमेझॉनवर पान वस्तूचं असतं, विक्रेत्याचं नसतं. यावर उपाय म्हणजे स्वतःचं नाव. ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत करता येतो. त्याच्या आधारे बाजाराच्या ब्रँड नोंदणीत नाव घालता येतं आणि पान तुमच्या ताब्यात राहतं. गुलमंडीवर नाहीतर निराला बाजारात दुकान असेल तर ते ऑनलाइनच्या भरात बंद करू नका. एकाच बाजारावर निम्म्याहून जास्त विक्री अवलंबून राहू लागली, तर दुसऱ्या बाजारात खातं उघडा, स्वतःची व्हॉट्सॲप यादी वाढवा.

सुरुवात करू पाहणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे. खातं उघडण्याआधी एक वही घ्या. विकायच्या वस्तूचं नाव वर लिहा आणि या प्रकरणातल्या शालीसारखा तिचा हिशेब मांडा: किंमत, कमिशन, ठरावीक शुल्क, पोचवणी, जाहिरात, बांधणी आणि दहातले तीन परतावे. दहा पार्सलांवर हजार रुपयेसुद्धा उरत नसतील तर ती वस्तू सोडा आणि दुसरी घ्या. उरत असतील तर वीस नग बनवा आणि उद्याच विकायला काढा.